तळहातावरचं वजन

...आणि तो कशालाच जोडलेला नव्हता. काडेपेटीएवढा लोखंडाचा तुकडा, एका अंगाला पिवळा डिंक वाळलेला, पत्र्याच्या डब्यात कोपऱ्याला नुसता चिकटवून ठेवलेला. त्याच्याकडे एकही तार येत नव्हती, त्याच्यातून एकही तार जात नव्हती. स्क्रू ड्रायव्हरचं टोक खाली घालून त्याने उचकटला तसा तो टकदिशी सुटून टेबलावर पडला. पडल्याचा आवाज मात्र अगदी खरा होता – जड, भरीव, भरवशाचा. त्याने तो उचलला, सवयीने तळहातावर घेतला, हात एकदा खाली-वर केला, आणि आपण काय करतोय हे लक्षात आल्यावर हात तसाच हवेत राहिला.

काय काम होतं या तुकड्याचं? काही नाही. जड असणं, बस्स.

भिंतीतली वीज कॉम्प्युटरला जशीच्या तशी पचत नाही. ती हवी तेवढीच करून आत सोडणारा हा डबा – पॉवर सप्लाय. चांगल्या डब्यात तांब्याची भरगच्च वेटोळी असतात, अॅल्युमिनियमचे जाडजूड पट्टे असतात, म्हणून तो हाताला जड लागतो. डबा उघडून बघावा तर सील तुटतं, आणि सील तुटलेला माल ठोक व्यापारी परत घेत नाही. म्हणून बाजारातले जुने कारागीर उघडत नाहीत, तोलतात. आणि कुठल्या तरी कारखान्यात कुणीतरी डोकं चालवलं असणार – तोलतात ना हे लोक, मग तोलू दे की! तांबं काढा, लोखंड घाला. म्हणजे हा तुकडा कॉम्प्युटरसाठी नव्हताच मुळी. हा माझ्यासाठी होता... माझ्या हाताचं माप घेऊन बनवल्यासारखा.

त्याने तुकडा टेबलाच्या कडेला सरकवला आणि वर फडकं टाकलं. दुकानात तर कुणीच नव्हतं. मग फडकं कशाला टाकलं?

बाजारात त्याला तराजू म्हणत. 'तराजूला दाखवा, तो हातात घेऊन सांगेल,' असं दोन गल्ल्यांपलीकडचे दुकानदारही गिऱ्हाइकाला सांगायचे, आणि गिऱ्हाईक डबा घेऊन आलं की हा मुद्दाम घाई करायचा नाही. आधी हात पुसायचा. मग डबा तळहातावर घ्यायचा, डोळे थोडे मिटायचा... नाटकीच होता जरा, खोटं कशाला बोला. पण नाव मुळात बाजाराने ठेवलेलं नव्हतं. ते वहिनीच्या शाळेतल्या मुलांनी ठेवलं होतं. वहिनी, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको, कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची, आणि तिथले कॉम्प्युटर बिघडले की ती यालाच बोलवायची. ती मुलं कुणालाही नुसत्या नावाने ओळखत नाहीत. प्रत्येकाला एक खूण देतात, हाताची, आणि मग ती खूण म्हणजेच तो माणूस. मुख्याध्यापकांना नाक ओढण्याची खूण होती, वहिनीला कपाळावरची बट मागे सारायची. आणि याला – तळहात वर, आणि हलकेच खाली-वर, खाली-वर. वहिनीने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो केवढा हसला होता, आणि घरी येऊन आरशासमोर त्याने ती खूण स्वतःच स्वतःला करून पाहिली होती. इतका सन्मान त्याला कुठल्या कागदाने दिला नव्हता.

आणि त्याच वहिनीच्या कॉम्प्युटरमध्ये त्याने हा डबा बसवला होता.

नाही, नुसतं एवढंच असतं तर... तर काय? चूक होते माणसाची. फसवणारे फसवतात, आपण काय देव आहोत का? सकाळपासून तो मनात हेच घोळवत होता, आणि दरवेळी तिथपर्यंत येऊन अडखळत होता.

त्या दिवशी वहिनी म्हणाली होती, "चांगला टाका हं भाऊजी, पैशाचं बघू नका. सगळं काम त्यात आहे माझं." आणि हा ऐटीत म्हणाला होता, "घरच्यांकडून पैसे घेऊ होय आता? असू द्या." फळीवर दोन डबे होते, एक नाववाला महाग, एक बिननावाचा स्वस्त. फुकट द्यायचं असं तोंडातून निघून गेलं होतं, आणि निघून गेल्यावर हात आपोआप स्वस्ताकडे वळला होता – ही खरी गोष्ट. पैसे घेतले असते तर महागाचाच बसवला असता. म्हणजे उदारपणा मिरवायचा माझा, आणि त्याची किंमत मोजायची तिने! त्याने दोन्ही डबे दोन हातांत घेतले, आणि काय आश्चर्य, दोन्ही सारखेच भरले. "बघा वहिनी, उगीच नावाचे पैसे घेतात हे लोक. मालात काही फरक नसतो." वहिनी हसली होती, आणि तिने ती खूण केली होती. तळहात वर, खाली-वर.

आणि तारा? जोडताना त्या बोटांत आल्या होत्या. पातळ, लिबलिबीत, जरा वाकवल्या की वाकतच जाणाऱ्या. अशा तारा चांगल्या डब्याला नसतात, हे बोटांना तेव्हाच कळलं होतं. बोटं काहीतरी सांगायला लागली होती आणि तळहाताने त्यांना गप्प बसवलं... मी बसवलं. लोखंडाने मला फसवलं, हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मी फसवून घेतलं.

दुपारच्या आधी शिकवणीवाल्या बाई आल्या. त्यांच्या वर्गातला एक कॉम्प्युटर बंद पडला होता. "अहो, स्वस्तातला टाका ना," त्या म्हणाल्या, "मुलंच तर वापरतात. चालतो ना तो? काही होत नाही ना?"

"काही होत नाही," त्याच्या तोंडून निघालंही. फळीवरचा डबा खाली आला, तळहातावर बसला, हात खाली-वर झाला, आणि "वजनदार आहे बघा" हे शब्द ओठांपर्यंत येऊन ठेपले. बाई विश्वासाने त्याच्या हाताकडे बघत होत्या. सगळेच हाताकडे बघतात. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"थांबा जरा," तो म्हणाला आणि सील फाडलं.

"अहो, उघडताय काय!"

स्क्रू फिरले, पत्रा निघाला. कोपऱ्यात तोच तुकडा, तोच पिवळा डिंक. बाईंनी वाकून पाहिलं. "हे काय असतं?"

"हे..." तो म्हणाला, "हे नसतं. हे असायला नको." आणि मग एकदम चिडून, जणू दोष बाईंचाच, "हा नका घेऊ. धंद्यासाठी म्हणून सांगतोय असं वाटेल तुम्हाला, पण नका घेऊ. एक वेळ कॉम्प्युटर बंद ठेवा, पण असला डबा लावू नका. बिघडला तर हा एकटा मरत नाही, सगळ्यांना घेऊन मरतो."

बाई थोड्या बिचकल्या, मग म्हणाल्या, "बरं झालं बाई तुमच्याकडे आले. तुम्ही खरं बोलता." आणि त्या गेल्या. तो स्टुलावर बसून राहिला. त्या वाक्याने त्याला चारचौघांत मुस्काटात बसल्यासारखं झालं होतं. एवढी साधी गोष्ट – उघडून बघायची. एका परक्या बाईसाठी मी उघडून बघितलं.

सगळ्यांना घेऊन मरतो. वहिनीचा तसाच मेला होता. डबा जळताना नको तेवढी वीज आत गेली, मदरबोर्ड गेला, आणि दोन्ही हार्ड डिस्क गेल्या. दोन का, तर याच शहाण्याने बसवल्या होत्या. "एक गेली तरी दुसऱ्यावर सगळं राहील, निर्धास्त झोपा!" दोन प्रती, आणि दोन्ही एकाच पेटीत, एकाच डब्यावर पोसलेल्या. काय होतं त्यांवर? मुलं. शाळेत यायच्या आधी मुलांनी आपापल्या घरी बनवलेल्या खुणा. एका मुलाच्या घरी आजी म्हणजे गुडघा चोळणं. एका मुलीच्या घरी उद्या म्हणजे गालाखाली हात घेऊन झोपणं. शाळेत आली की मुलं सगळ्यांची भाषा शिकतात आणि घरची विसरतात, म्हणून वहिनी विसरायच्या आत त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवायची. निवृत्त झाल्यावर ती ते व्हिडिओ एकेक लावून, नीट नावं देऊन ठेवत होती. त्यातली कितीतरी मुलं आता मोठी झाली, आणि त्यांच्या त्या खुणा जगात दुसरीकडे कुठेही नव्हत्या.

तिने फोन केला तेव्हा तिचा आवाज कसा होता... "भाऊजी, जळका वास आला आणि बंदच पडला. मी त्याच बोर्डात इस्त्री लावली होती हो. त्यानेच झालं का?"

आणि तो म्हणाला होता, "असू शकतं."

इस्त्रीने असं होत नाही. त्याला माहीत होतं. फोन कानाला असताना माहीत होतं, डबा न उघडता माहीत होतं. तरी – असू शकतं. खोटंही नाही धड. खोटं बोलायलाही हिंमत लागते, तेवढीही नव्हती. असू शकतं म्हणायचं आणि समोरच्या माणसाने उरलेलं स्वतःच्या डोक्यावर घ्यायचं. तिने घेतलं. परवा गेला होता तेव्हा साडी चुरगळलेली होती तिची, आयुष्यभर कडक इस्त्रीची साडी नेसून शाळेत जाणाऱ्या बाईची. "आता नकोच ती इस्त्री," ती म्हणाली होती. आणि हा चहा पिऊन आला.

दुकान ओढून घेऊन तो निघाला. तुकडा खिशात टाकला. कशासाठी टाकला, ते स्वतःला विचारलं नाही. रस्त्यात चपलांच्या दुकानाबाहेर कुणीतरी हाक मारली, "काय तराजू, आज लवकर?" आणि त्याने न थांबता हात केला. तुकडा चालताना मांडीवर आपटत होता. सांगायचं. सरळ सांगायचं, वहिनी, इस्त्रीने नाही झालं. मग ती विचारेल, मग कशाने? मग सांगायचं. मग ती विचारेल, तुम्हाला कधी कळलं? इथे त्याचा पाय जड व्हायचा. डबा उघडला आज, असं सांगता येईल. आज कळलं. तेही खोटं नाही धड... शी! किती सफाईने सुचतं हे.

वहिनीचं दार लोटलेलं होतं. आतून काहीच आवाज नव्हता, म्हणून तो हाक न मारता आत गेला, आणि खोलीच्या उंबऱ्यात थांबला.

ती कपाटाच्या आरशासमोर उभी होती, पाठमोरी, आणि आरशातल्या स्वतःला हातांनी काहीतरी सांगत होती. आज संध्याकाळी जुनी मुलं येणार होती, हे त्याला आत्ता आठवलं. तिनेच बोलावलं होतं. "मी त्यांना सांगणार आहे, तोंडावर," असं ती म्हणाली होती, आणि त्याने मान हलवली होती. इतक्या वर्षांत त्याला ती भाषा थोडीफार कळायला लागली होती, बोलता नाही तरी वाचता यायची. तिचा हात हवेत सरळ पुढे-मागे फिरला – इस्त्री. बोटं भिंतीत खुपसल्यासारखी – लावली. मग दोन्ही हात उघडे, बोटं विस्कटत गेली – तुमचे हात, गेले. मग तिने मूठ छातीवर ठेवली. मी. आणि बोट स्वतःकडे वळवून दोनदा टोचलं. माझी चूक. ते तिला बरोबर जमलं नसावं, कारण ती थांबली, आणि परत केलं. परत छातीवर मूठ. परत बोट.

एकेक अक्षर कळत होतं. तिचं बोट तिच्या छातीत टोचत होतं. ओरडून सांगावं, थांबा, नका ते हात तसे करू, ते माझे शब्द आहेत. पण खिशातल्या हाताने नुसतं लोखंड गच्च धरलं होतं.

तेवढ्यात तिला तो आरशात दिसला. ती वळली. डोळे लाल होते, पण ती हसली. याचा चेहरा बघून तिला वाटलं असणार की हा तिच्यासाठीच कासावीस झालाय, कारण तिने मान हलवली, असू दे हो, असं काहीसं, आणि त्याला धीर द्यायला तळहात वर केला. खाली-वर, खाली-वर. त्याचं नाव.

त्याचाही हात खिशातून निघाला. उत्तर द्यायला की कशाला, ते त्याला सांगता आलं नसतं. तळहात उघडला, वर झाला, आणि त्यावर तो तुकडा होता.

हात खाली-वर करायचा असतो इथे. तो होईना. आयुष्यात पहिल्यांदा हाताला काहीच सांगता येईना, हलकं की जड, खरं की खोटं. नुसता एक उघडा हात. आणि वहिनी, जी आयुष्यभर माणसांच्या चेहऱ्यांकडे नाही तर हातांकडे बघत आली होती, त्याच्या हाताकडे बघत होती.