भर बहरात मोडलेला शेवगा

मित्रांनो, मी कांजूरमार्गातल्या एका सोसायटीच्या आवारातला जुना शेवगा आहे. जिनं मला लावलं, तिच्याच अंगावर मी मोडून पडलो. या गोष्टीला दोन महिने झाले, तरी मला ती अजून खरी वाटत नाही.

तिचं नाव सुगंधा. नवऱ्याची, म्हणजे सहदेवची, गिरणी बंद पडल्यावर दोघं परळहून इथे राहायला आली. एकदा कुडाळहून परतताना सुगंधानं हातभर फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली आणि कुंपणाजवळ खोचली. ती फांदी म्हणजे मी. तिसऱ्या वर्षी, थंडी सरता सरता, मी पहिल्यांदा फुललो. पांढुरक्या फुलांनी असा भरलो की पानं दिसेनात. सुगंधानं खाली जुनं लुगडं अंथरलं, लांब काठीच्या आकडीनं फांद्या हलक्या हातानं हलवल्या आणि कांदा-खोबरं घालून फुलांची भाजी केली. चारही मजल्यांवर वाटी वाटी भाजी गेली. पुढे दर माघात हे ठरूनच गेलं. ‘वहिनींचा शेवगा’ म्हणून लोक माझं कौतुक करायचे.

तीन वर्षांपूर्वी सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार यांनी गाड्या लावण्यासाठी आवारात सिमेंट घालून घेतलं. ते थेट माझ्या सालीला येऊन भिडलं.

“भावजी, बुंध्याभोवती हातभर माती तरी ठेवा,” सुगंधा म्हणाली होती.

“वहिनी, शेवगा कुठेही जगतो. काळजी सोडा,” ते म्हणाले.

मी जगलो, हे खरं. पण पावसाचं पाणी सिमेंटच्या फटीत साचून राही आणि बुंधा आतून कुजत चालला. कुणाला कळलं नाही, कारण फुलं येतच होती. यंदा तर नेहमीपेक्षा जास्तच आली.

त्या सकाळी सुगंधानं लुगडं अंथरलं, आकडी अडकवली आणि एकदाच ओढली. काडकन आवाज झाला. तो माझाच होता, हे मला उमगलंच नाही. बुंध्याशी फुटलेली माझी मांडीएवढी फांदी कुजक्या जागी मोडली होती. खाली फुलांचा ढीग होता आणि त्यातून सुगंधाचा फक्त एक पाय दिसत होता. मी नुसता बघत राहिलो.

लोकांनी फांदी उचलली, तिला रिक्षात घालून नेलं. खांद्याचं हाड मोडलं होतं. डोकं थोडक्यात वाचलं, असं मागून कळलं.

संध्याकाळी सहदेव कोयता घेऊन माझ्यासमोर आला. “तोडून टाका तेका,” तो नंदकुमारना म्हणाला. “ह्या झाडान माजी बायल मारल्यान असती.”

त्याचं काय चुकलं होतं?

दोन दिवसांनी पालिकेच्या उद्यान खात्यातली अस्मिता मला तपासायला आली. तिनं बुंध्याला सळई टोचली, ती चिखलात जावी तशी आत गेली.

“झाडाचा दोष नाही,” ती म्हणाली. “सिमेंटमुळे पाणी तुंबलं, त्यानं कुजलंय.”

नंदकुमारांनी वाकून सिमेंटच्या कडेवरून बोट फिरवलं.

पाचव्या दिवशी सुगंधा घरी आली. हात गळ्यात बांधलेला. ती जिन्याकडे न जाता माझ्याकडे आली. आता शाप देणार, असं वाटून मी गोठलो.

नंदकुमार पुढे झाले. “वहिनी, सिमेंट मीच घालायला लावलं.”

“माका म्हायत आसा,” ती म्हणाली. “आता फोडून घेवा.”

“आणि झाड परत कोणाच्या डोक्यार पडला तर?” सहदेव चिडून म्हणाला.

“कुजला तितक्या कापा. पण माती मोकळी करा. आमीच तेचो गळो दाबललो.”

अस्मितानं खूण केली तिथून मला वरून कापलं आणि बुंध्यातलं कुजकं लाकूड खरवडून काढलं. मी कमरेएवढा उरलो. सिमेंट फोडताना नंदकुमार दिवसभर उन्हात उभे होते. आता चैत्रात मला कोंब फुटलेत. पण सुगंधाचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. ती डाव्या हातानं मला पाणी घालते आणि दर वेळी मी आतून हादरतो.

मित्रांनो, फुलं आली म्हणजे झाड बरं आहे, असं समजू नका. त्या सकाळी माझ्याएवढं फुललेलं झाड अख्ख्या गल्लीत नव्हतं. वर बघून कौतुक कराल, तेव्हा जरा वाकून बुंध्याशीही बघा. तिथे हातभर माती नसेल, तर वेळ न घालवता कुणाला तरी सांगा.