दोन इंच एकतीस

लव्हॉन कुचेराचं नाव आमच्या काउंटीत शिवीसारखं घेतलं जाऊ लागलं ते जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. त्या आठवड्यात पाऊस फक्त तिच्या घराजवळ पडला होता.

मी आर्लिस. वॉल्बेकच्या मुख्य रस्त्यावर माझं कॅफे आहे. नेब्रास्काच्या या टोकाला माणसांपेक्षा गुरं जास्त आणि कॅफे एकच, म्हणून दोन्ही पक्षांच्या लोकांना भांडायचं तर माझ्याकडेच यावं लागतं. दोन्ही पक्ष म्हणजे चारात तीन रिपब्लिकन आणि उरलेला एक गप्प. लव्हॉन त्या उरलेल्यांतली होती, पण गप्प बसणारी नव्हे. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली आणि बसमधल्या पोरांना दरडावायचा तो आवाज निवृत्तीनंतरही उतरला नाही. तिचा धाकटा भाऊ मर्ल बरोबर उलटा, म्हणजे पक्षाने उलटा; आवाज तोच. त्याचं कुरण तिच्या घरापासून पश्चिमेला सात मैलांवर.

लव्हॉनच्या अंगणात पत्र्याचं एक उभं भांडं आहे. पाऊस मोजायचं. हवामान खात्याने ते या बहीणभावांच्या आजोबांकडे दिलं होतं, मग वडिलांकडे आलं, मग तिच्याकडे. पगार नाही. रोज सकाळी सातला काठी बुडवायची, किती ओली झाली ते पाहायचं, वहीत लिहायचं आणि खात्याला कळवायचं. एवढंच काम. नव्वद वर्षांत ते कुणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं.

त्या वर्षी वसंतात पाऊस झालाच नाही. मे संपता संपता गवत पायाखाली कुरकुरायला लागलं. दुष्काळाचा सरकारी नकाशा दर गुरुवारी निघतो. त्यात काउंटी लाल झाली की सरकारने राखून ठेवलेली कुरणं गुरांसाठी उघडतात. सगळे त्या लाल रंगाची वाट पाहत होते. आणि एका संध्याकाळी पूर्वेकडे एक ढग आला, लव्हॉनच्या छपरावर आणि आजूबाजूच्या दोन शेतांवर तासभर ओतून गेला. सकाळी तिने काठी बुडवली. दोन इंच एकतीस. तिने तेच लिहिलं, तेच कळवलं.

काउंटीत खात्याचं दुसरं भांडं नव्हतं. पुढच्या गुरुवारी आम्ही नकाशात पिवळे झालो, म्हणजे नुसते थोडे कोरडे; कुरणं बंदच राहिली.

शुक्रवारी सकाळी कॅफे भरलेलं होतं. मर्ल टेबलावर हात आपटून बोलत होता. "सरकारला हवा तो आकडा सरकारी बाईने दिला. माझ्याकडे एक थेंब नाही! थेंब!"

दार उघडून लव्हॉन आत आली. तिने ऐकलं होतं.

"सरकारी बाई कोण रे?"

"तूच. आणखी कोण?"

"माझ्याकडे पडला तो मी लिहिला. तुझ्याकडे नाही पडला तर ढगाला विचार."

"त्या ढगाला वॉशिंग्टनहून कुणी पाठवलं, तेही लिही मग."

लोक हसले. लव्हॉन नाही हसली. तिने कॉफी कागदी पेल्यात घेतली आणि उभ्याउभ्याच निघून गेली. तिच्यामागे कुणीतरी हळूच म्हणालं, "विकली गेलेली." मी वळून पाहिलं तेव्हा सगळे ताटात बघत होते.

दोन दिवसांनी ऑर्विल व्हॉस्लर तिच्या घरी गेला. ऑर्विल काउंटी मंडळाचा अध्यक्ष, रिपब्लिकन पक्षाचाही स्थानिक पुढारी. वाईट माणूस नाही. माझा नवरा गेला तेव्हा सगळ्यांत आधी तोच आला होता. त्याने सोबत टाइप केलेलं पत्र नेलं होतं. तिथे काय झालं ते लव्हॉननेच मला सांगितलं.

"लव्हॉनबाई, मी खात्याला फोन केला," ऑर्विल म्हणाला. "नोंद फक्त नोंद करणाराच दुरुस्त करू शकतो म्हणतात. म्हणजे तुम्हीच. दोन एकतीसऐवजी शून्य एकतीस. टिंबाच्या पुढे-मागे चूक कुणाचीही होते."

"कुणाचीही होते. माझी झाली नाही."

"सगळ्या काउंटीची गुरं उपाशी मरतील."

"मला दिसतंय. माझ्या भावाचीही मरतील. पण पडलेला पाऊस मी परत वर कसा पाठवू?"

पत्र तिने घडी करून त्याच्या खिशात घातलं.

त्याच आठवड्यात ग्वेन टॉफ्ट आली. निवृत्त शिक्षिका, आमच्या इथल्या डेमोक्रॅट पक्षाची अध्यक्ष. तिच्या सभेला अकरा माणसं येतात आणि त्यातली दोन तिच्या घरातली. ती लव्हॉनला मिठी मारून म्हणाली, "तू किती धीराची आहेस ग! जत्रेत आपला मंडप आहे. नव्वद वर्षांच्या वह्या घेऊन बस. उन्हाळे कसे कोरडे होत गेले ते लोकांना सांग. या लोकांच्या थापा उघड्या पडतील."

"वह्या मंडपात येणार नाहीत."

"अग, आपल्याच बाजूच्या आहेत त्या!"

"कुणाच्याच बाजूच्या नाहीत. ज्याला वाचायच्या असतील त्याने माझ्या स्वयंपाकघरात यावं. तुला, ऑर्विलला, कुणालाही. कॉफी देईन. भाषण देणार नाही."

ग्वेन रागावून गेली. अशा रीतीने पंधरा दिवसांत लव्हॉनने दोन्ही पक्ष अंगावर घेतले.

जुलैच्या पहिल्या सोमवारी काउंटी मंडळाची बैठक होती. मी कॅफे बंद ठेवून गेले. कोर्टाच्या इमारतीतली खोली चाळीस माणसांची. आत सव्वाशे तरी असतील. मंडळाने ठराव मांडला की कुचेरा यांच्या नोंदीवर काउंटीचा विश्वास नाही. ऑर्विलने विचारलं, "लव्हॉनबाई, काही म्हणायचंय?"

ती उठली. तिच्या दोन्ही हातांत खोके होते. ते तिने टेबलावर आदळले.

"म्हणायचंय. ठराव खुशाल करा. दुरुस्तीच्या पत्रावर मी सही करणार नाही, आज नाही, उद्या नाही. विश्वास नाही म्हणता ना? ठीक आहे, ठेवू नका! माझ्यावर ठेवू नका, खात्यावर ठेवू नका. या खोक्यांत पाऊस मोजायच्या पंधरा नळ्या आहेत, खात्याला चालतात तसल्या. आपापल्या अंगणात ठोका. रोज सकाळी सातला वाचा आणि मला फोन करा. मी प्रत्येक आकडा तुमच्या नावाने लिहीन आणि पाठवीन. मला खोटी पाडायचीय? पाडा. पण त्यासाठी रोज सकाळी सातला उठावं लागेल."

मागून कुणीतरी ओरडलं, "फुकटची नोकरी देतेय!"

"मला तीस वर्षं फुकटच आहे," ती म्हणाली.

मग मर्ल गर्दीतून पुढे आला. बहिणीकडे न बघता त्याने खोक्यातली एक नळी उचलली. "मी पाडतो हिला खोटी," तो म्हणाला. त्याच्यामागून आणखी तेरा जण आले. ठराव तरीही मंजूर झाला, चार विरुद्ध एक.

जुलैभर सकाळी सातला लव्हॉनचा फोन वाजत राहिला. लोक आकडा सांगत आणि बरोबर एखादा टोमणाही. "शून्य. लिही, आणि तुझ्या राष्ट्राध्यक्षालाही सांग." ती शून्य लिही आणि पुढचा फोन घेई. मर्ल तर नुसता "मर्ल, शून्य" म्हणून फोन ठेवून देई. दुसरं काहीच बोलत नसे.

पण वहीत चित्र उमटत गेलं. पूर्वेची एक पट्टी सोडली तर सगळी काउंटी कोरडी होती. दोन इंच एकतीस खरं होतं आणि मर्लकडे थेंब पडला नव्हता हेही खरं होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला खात्याचा फोन आला: या चौदा-पंधरा नोंदी आम्ही नकाशावाल्यांना दाखवल्या, त्यांना त्या पटल्यात, आणखी आठवडाभर असंच राहिलं तर काउंटी बहुधा लाल होईल. ही बातमी लव्हॉनने स्वतः कॅफेत येऊन सांगितली. दीड महिन्यात पहिल्यांदा तिला कुणी बसायला खुर्ची ओढून दिली.

मग रविवारी संध्याकाळी मर्लच्या कुरणावर ढग आला.

सोमवारी सकाळी साडेसातला मर्ल कॅफेत शिरला. त्याचे बूट चिखलाने भरले होते, आणि सगळ्यांनी आधी तेच पाहिलं. ऑर्विल खिडकीजवळ अंडी खात होता.

"किती?" त्याने विचारलं.

"एक बारा."

"एक पूर्णांक?"

"एक इंच बारा."

ऑर्विलने काटा खाली ठेवला. "लव्हॉनला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग ऐक. शून्य बारा सांग. गुरुवार तीन दिवसांवर आलाय, मर्ल. तुझ्या एका नळीपायी सगळी काउंटी अडकेल. कोण बघायला येणार आहे?"

कोपऱ्यातल्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "अरे, नळी कलंडली असं सांग. झालं!"

मर्ल उभाच होता. त्याची मान लाल झाली. मी त्याला चाळीस वर्षं ओळखते. त्याला राग आला की आधी मान लाल होते. पण या वेळी राग कुणाचा आला होता ते मला कळेना. त्याच्याकडे एकशेदहा गाई होत्या आणि चारा सप्टेंबरपर्यंतही पुरणार नव्हता. एका इंचाने गवत उगवत नाही, धूळ तेवढी बसते. राखीव कुरण उघडायची गरज त्या खोलीत सगळ्यांत जास्त त्यालाच होती.

"आर्लिस, फोन दे," तो म्हणाला.

गल्ल्याजवळचा फोन मी पुढे सरकवला. त्याने सगळ्यांदेखत नंबर फिरवला.

"लव्हॉन? मर्ल. एक इंच बारा." मग तो थोडा वेळ ऐकत राहिला. "हो, नीट पाहिलं. दोनदा पाहिलं. चष्मा लावून." पुन्हा थांबला. "नाही, तुझ्यासाठी नाही केलं. लिही आणि पाठव."

त्याने फोन ठेवला. ऑर्विल उठला होता.

"तू आहेस तरी कुणाच्या बाजूचा?"

"तुझ्याच! काल होतो, उद्याही असेन," मर्ल गरजला. "वॉशिंग्टनवाले खोटे आकडे देतात असं मी वीस वर्षं याच टेबलाशी बसून सांगतोय. आणि आता मीच माझ्या नावाने खोटा आकडा पाठवू? मग उद्या कोणत्या तोंडाने त्यांना शिव्या घालू? सांग ना! कोणत्या तोंडाने?"

"तत्त्वं गाईंना खायला घाल मग."

"माझ्या गाई आहेत. मी बघीन."

कॉफी न घेताच तो गेला. दाराबाहेर थांबून त्याने टोपी काढली, कपाळ पुसलं आणि परत घातली.

नकाशा त्या गुरुवारी बदलला नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्या गुरुवारी आम्ही लाल झालो. मर्लच्या एका आकड्याने दोन आठवडे गेले की तसेही गेले असते, हे मला सांगता येणार नाही. वॉल्बेकने मात्र ठरवून टाकलं. तोवर मर्लने बावीस गाई विकल्या होत्या, इतरांनीही विकल्या होत्या, आणि त्या सगळ्यांचा हिशेब त्याच्या माथी बसला. माझ्या कॅफेत तो आला की शेजारचं टेबल रिकामं होई. पक्षाच्या समितीतून त्याला काढलं. लव्हॉनवर थुंकणारे आता त्याच्यावर थुंकू लागले. ती निदान दुसऱ्या पक्षाची होती, हा घरातला होता.

लव्हॉन एकदा त्याच्याकडे चाऱ्याचे गठ्ठे घेऊन गेली, तिच्या ओल्या पट्टीतले. त्याने घेतले. फाटकाशी दोघांचं राष्ट्राध्यक्षांवरून इतकं भांडण झालं की कुत्री पडवीखाली जाऊन बसली, असं शेजाऱ्याने सांगितलं. म्हणजे दोघं पुन्हा बोलू लागले होते.

सप्टेंबरात मर्लने जाहीर केलं की तो ऑर्विलविरुद्ध मंडळाच्या जागेसाठी उभा राहतोय. छापील यादीत नाव घालायची मुदत कधीच उलटली होती, पण मतपत्रिकेवर रिकामी ओळ असते. ज्याला हवं त्याने तिथे हाताने नाव लिहायचं. त्याने घरोघर जाऊन फक्त आपल्या आडनावाचं स्पेलिंग सांगितलं. बऱ्याच घरांनी दार उघडलं नाही. काहींनी उघडून लावलं. तो पुढच्या दाराशी जाई.

नोव्हेंबरात ऑर्विल एक हजार त्र्याण्णव मतं मिळवून निवडून आला. मर्लला दोनशे बारा मिळाली.

त्याने मोजणी मान्य करायच्या आधी हाताने लिहिलेली प्रत्येक मतपत्रिका बघायची मागणी केली. कायद्याने तो हक्क त्याला होता. दोन दिवस तो कोर्टाच्या तळघरात एका बाकावर बसला आणि कारकून बाई एकेक कागद त्याच्यासमोर धरत गेली. काहींनी कुचेरा चुकीचं लिहिलं होतं, तरी ते धरलं होतं. एका पत्रिकेवर गोल, ठसठशीत अक्षर होतं, शाळेच्या बसच्या नोंदवहीत असायचं तसं. मर्लने तो कागद तिला बराच वेळ धरून ठेवायला लावला, असं कारकून बाईने मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॅफेत आला. सगळी टेबलं भरलेली होती, ऑर्विलही होता. मर्ल दारातच उभा राहिला.

"दोनशे बारा," तो मोठ्याने म्हणाला. "मी स्वतः मोजली. बरोबर आहेत. मी हरलो, नीट हरलो. मोजणीत घोटाळा झाला असं इथे कुणी माझ्या बाजूने बोलताना दिसला, तर त्याला आधी माझ्याशी बोलावं लागेल."

मग तो आत आला, ऑर्विलच्या समोरची खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "चार वर्षांनी पुन्हा उभा राहणार आहे. तेव्हा यादीत नाव छापून."