खुंट्याला बैल राहू नये

सकाळपासून प्रियंकाच्या पायाला भिंगरी लागली होती. चुलीपासून अंगणात, अंगणातून ओसरीवर, आणि ओसरीवरून पुन्हा चुलीपाशी. आईची जांभळी साडी नेसली होती, तिच्या निऱ्या सुटत होत्या आणि ती त्या खोचत होती.

"अगं, बस की जरा एका जागी. शेपटीला फटाके बांधल्यावानी काय फिरून राहिलीस?" आई, शकुबाई, भाकरी थापता थापता म्हणाली.

आज शिक्षक दिन. या दिवशी शाळेत दहावीची मुलं खालच्या वर्गांना शिकवतात आणि नेहमीचे सर मागच्या बाकावर बसून गंमत बघतात. प्रियंकाच्या वाट्याला नववीचा विज्ञानाचा तास आला होता. विषय होता आयनिक संयुगांची नावं आणि सूत्रं.

साडी नेसून मिरवायचा दिवस खरा. पण नववीच्या त्या वर्गात तिची धाकटी बहीण प्रतिक्षा होती. चाचणीत सूत्रांच्या प्रश्नाला प्रतिक्षाला भोपळा मिळाला, आणि तेव्हापासून तिनं शाळेचं दप्तर खुंटीला टांगून आईबरोबर रानात जायला सुरुवात केली होती. काल रात्रीच्या जेवणाला ती सगळ्यांसमोर म्हणाली, "उद्या येते, ताईच्या हट्टापायी. एक सूत्र, एकच, ते तसं काहून आहे हे मला कळलं, तर पुढचं बघू. न्हाई तर शाळेचं नाव माझ्याम्होरं काढायचं न्हाई." वडील भागवत ताटाकडं बघत राहिले होते.

प्रियंकाला सूत्रं पाठ होती. मॅग्नेशियम क्लोराइड म्हणजे MgCl₂, ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे Al₂O₃. दोघांच्या संयुजा लिहायच्या, तिरप्या खाली उतरवायच्या, झालं सूत्र. ती झोपेतसुद्धा उतरवून दाखवील. पण 'काहून' विचारलं तर? ते तिला स्वतःलाच कोणी विचारलं नव्हतं. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही तो याचमुळं.

अंगणात वडिलांची वेगळीच घालमेल चालली होती. त्यांच्या दावणीला एकच बैल, पतंग्या. शेजारच्या तातेरावांकडंही एकच. दोघांनी सावड केली होती. दोघांचे बैल एका जुवाला जुंपायचे, आज याचं रान, उद्या त्याचं. गावात ट्रॅक्टर आले, तरी उशिराच्या कपाशीत तण काढायचं कोळपं बैलांचंच चालतं. आज पाळी भागवतची होती आणि तातेरावांचा पत्ता नव्हता.

"आता हा बाबा कवा येतो अन् कवा कोळपतो," भागवत जुवावर हात ठेवून म्हणाले. "जुवाची एक बाजू मोकळी ठेवून रान कोळपतं व्हय?" पतंग्याही खुंट्याभोवती गोल गोल फिरत होता.

प्रियंकानं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. तिचं चित्त थाऱ्यावर कुठं होतं?

शाळेच्या वाटेवर प्रतिक्षा चार हात मागून चालत होती. प्रियंका थांबली की तीही थांबे.

"संग चाल की."

"मॅडमच्या बराबर कसं चालू? मी तर नापास पोरगी."

ओठांतल्या ओठांत संयुजा म्हणत प्रियंका भरभर पुढं निघाली.

वर्गात शिरताच मुलं उठली. "नमस्ते मॅडऽऽम!" त्या 'मॅडम'मध्ये निम्मी चेष्टा होती. विज्ञानाचे वैजनाथ सर मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसले होते. प्रतिक्षा खिडकीच्या कडेला.

प्रियंकानं फळ्यावर Mg लिहिलं, त्याच्या डोक्यावर दोन. Cl लिहिलं, त्याच्या डोक्यावर एक. खडूनं तिरप्या रेघा मारल्या. "दोन इकडं, एक तिकडं. MgCl₂. समजलं?"

"समजलं मॅडऽऽम!"

"मला न्हाई," प्रतिक्षा उभी राहिली. आवाज चढा नव्हता, पण सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. "रेघा तिरप्याच काहून मारायच्या? सरळ मारल्या तर काय बिघडलं?"

"नियमच आहे तसा."

"कोणी केला?"

पोरं हसली. सुरज नावाचं एक पोरगं तर बाकावर हात आपटून हसलं. प्रियंकाच्या कपाळावर घाम आला. तिनं फळा पुसला, पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा पुसला. मागं वैजनाथ सर काही बोलतील म्हणून तिनं पाहिलं, तर ते हाताची घडी घालून बसलेले. सांगायला ते सांगू शकले असते. पण आज त्यांची जागा मागच्या बाकावर होती, आणि ते तिथंच राहिले. खिडकीपाशी प्रतिक्षा आपलं दप्तर आवरू लागली.

तेवढ्यात सुरज ओरडला, "ते बघा, तात्या निघाले! सूर्य डोक्यावर आल्यावर!"

शाळेमागच्या रस्त्यानं तातेराव धोतराचा सोगा सावरत, एका बैलाला ओढत लगबगीनं चालले होते. सगळा वर्ग हसला. प्रियंका हसली नाही. तिला सकाळचं अंगण दिसलं. मोकळं जू. खुंट्याभोवती फिरणारा पतंग्या.

"थांबा," ती म्हणाली. मग स्वतःशीच पुन्हा, "थांबा जरा." आणि तिनं फळ्यावर जू काढलं.

"हा क्लोरीन. याच्या जुवाची एक जागा मोकळी. एक बैल मिळाल्याशिवाय याला चैन न्हाई. अन् हा मॅग्नेशियम. याच्या खुंट्याला दोन बैल जादा. ते दिल्याशिवाय यालाबी चैन न्हाई. बैल म्हणजे इलेक्ट्रॉन. आता सांग प्रतिक्षा, हे दोन बैल घालायचे कुठं?"

"एक या क्लोरीनला."

"अन् दुसरा?"

दप्तराचा पट्टा प्रतिक्षाच्या हातातच होता. "आणखी एक क्लोरीन बोलवावा लागल."

"मग मॅग्नेशियम किती अन् क्लोरीन किती?"

"एक अन्... दोन." तिनं पट्टा सोडला. "म्हणून तो दोन क्लोरीनच्या पायाशी!"

"ज्यानं इलेक्ट्रॉन दिला तो धन आयन, घेतला तो ऋण. खुंट्याला एक बैल राहू नये, जुवाला एक जागा मोकळी राहू नये, एवढंच बघायचं. अन् नाव घेताना देणाऱ्याचं आधी, जसंच्या तसं. घेणाऱ्याच्या नावाचं शेपूट बदलतं. क्लोरीनचा क्लोराइड, ऑक्सिजनचा ऑक्साइड."

"म्हणजे बैल बी घ्यायचा अन् नाव बी बदलायचं?" सुरज म्हणाला. "मज्जा आहे."

आता प्रियंकाचा हात थांबेना. ॲल्युमिनियमकडं तीन बैल, ऑक्सिजनच्या दोन जागा मोकळ्या. एकाला एक लावला तर एक बैल उरतो. मग दोन ॲल्युमिनियमचे सहा बैल, तीन ऑक्सिजनच्या सहा जागा. पोरं बोटांवर मोजून ओरडत होती. खडू मोडला, तिनं दुसरा घेतला. त्याच झपाट्यात तिनं मॅग्नेशियम ऑक्साइड घेतलं. Mg वर दोन, O वर दोन. हात सवयीनं चालला. तिरप्या रेघा, दोन इकडं, दोन तिकडं. Mg₂O₂.

"ताई," प्रतिक्षा म्हणाली. मॅडम म्हणायची विसरली. "दोन बैल, दोन जागा. भागलं की एकातच. दुसरा मॅग्नेशियम काहून बोलावला? सगळं गाव कशाला गोळा करून राहिलीस?"

वर्ग खो खो हसला. प्रियंकाचे कान तापले. तिनं फळ्याकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं, आणि पदरानंच दोन्ही आकडे पुसून टाकले. राहिलं MgO. मागच्या बाकावर वैजनाथ सरांनी टाळी वाजवली, एकच, आणि पुन्हा हात मांडीवर ठेवले.

वाटेनं परतताना दोघी बरोबरीनं चालल्या. घरी येऊन प्रतिक्षानं पाणी भरलं, शेळीला पाला टाकला. एक सूत्र कळलं, हे तर उघड होतं. पण पुढं काय? प्रियंका तिच्या मागंमागं घरभर फिरत राहिली. विचारायचा धीर होईना.

दिवस मावळून कडूसं पडता पडता भागवत रानातून आले. तातेराव उशिरा आले, पण कपाशी पुरी कोळपून झाली, असं म्हणाले. पतंग्याला खुंट्याला बांधून त्यांनी पोरींकडं बघितलं.

प्रियंका मोरीपाशी भांडी घासत होती. प्रतिक्षा दारात येऊन उभी राहिली.

"ताई, पुस्तकात आयर्न क्लोराइड दोन दोन लिवलेत. एकात दोन क्लोरीन, एकात तीन. लोखंडाकडं बैल तरी किती हाईत?"

लोखंड कधी दोन देतं, कधी तीन. म्हणून तर त्याच्या नावापुढं कंसात रोमन आकडा लिहावा लागतो. उत्तर प्रियंकाच्या जिभेच्या टोकावर होतं. तिनं जीभ दातांखाली धरली.

"मला न्हाई सांगता येत नीट," ती पातेल्याकडं बघत म्हणाली. "वैजनाथ सरांना विचार."

प्रतिक्षानं खुंटीवरच्या दप्तराकडं पाहिलं.

"विचारते उद्या," ती म्हणाली आणि आत गेली.

प्रियंकानं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. ते केव्हाच लख्ख झालं होतं.