मशीन, त्याला सांग

मी प्लास्टिकचे पाइप तापवून जोडणारं एक मशीन आहे. जुनं आहे, हे वेगळं सांगायला नको. नवी मशीनं आत्मवृत्त सांगत बसत नाहीत, त्यांना कामं असतात.

मित्रांनो, दिसायला मी देखणा नाही. एक हँडल, त्याच्यापुढे धातूची जाड जीभ, जिभेच्या एका बाजूला खुंटी आणि दुसऱ्या बाजूला वाटी. खुंटीवर एल्बो किंवा सॉकेट, म्हणजे वाकडा किंवा सरळ जोडतुकडा, चढवायचं, वाटीत पाइप सरकवायचा. दोन्ही तोंडं सारखी मऊ झाली की मला बाजूला करून एक तोंड दुसऱ्यात सरळ दाबायचं आणि घट्ट धरून ठेवायचं. हलवायचं नाही, पिळायचं नाही. गार झालं की दोघांचा एकच तुकडा होतो. मग ब्रह्मदेव आला तरी तो सांधा सुटत नाही. चुकला तर कापून फेकावा लागतो.

इतकं सरळ काम. त्यात माझ्या डोक्याला ताप होण्यासारखं काही नव्हतं. असलेला ताप पुरेसा होता. पण मी दोन भावांच्या घरात पडलो.

थोरला आणि धाकटा, दोघेही प्लंबर. सुरुवातीचे दिवस चांगले गेले. काम झालं की थोरला मला कोमट असतानाच सुती फडक्यानं पुसायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, "हा आमचा तिसरा भाऊ." मी फुशारून जायचो. तिसऱ्या भावाच्या वाट्याला काय येतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं.

मग थोरल्याच्या सासऱ्यांचं बाथरूम आलं. गरम पाण्याच्या पाइपावर लाल रेघ असते, गारच्या पाइपावर निळी. तरीही त्या दिवशी गप्पांच्या नादात लाल रेघ फ्लशच्या टाकीला जाऊन चिकटली आणि निळी शॉवरला. संध्याकाळी सासऱ्यांनी फ्लश ओढला, तर खालून वाफ आली. थोरला म्हणाला, धाकट्यानं रेघ बघितली नाही. धाकटा म्हणाला, थोरल्यानंच बोट दाखवलं. सासरे मात्र खूश. थंडीच्या दिवसांत बसायला इतकी ऊबदार जागा दुसरी नाही, असं म्हणून त्यांनी पाइप बदलूच दिले नाहीत. ते आजही तिथे बसून पेपर वाचतात. म्हणजे ज्याचं नुकसान झालं तो मजेत, आणि या दोघांचा अबोला.

पण कामं तर घेतलेली होती.

"मशीन, त्याला सांग, एल्बो सरळ धर," थोरला म्हणाला.

"मशीन, त्याला सांग, आधी पाइप सरळ काप म्हणावं," धाकटा म्हणाला.

दोघांच्या मध्ये अंतर किती, तर माझ्याएवढं. एकाचा श्वास दुसऱ्याच्या मिशीला लागत होता, आणि निरोप माझ्यामार्फत. मित्रांनो, मी प्लास्टिक वितळवतो. निरोप पोचवण्याची सोय माझ्यात नाही. पण ऐकतो कोण? हळूहळू घरचेही विषय यायला लागले. धाकट्याला मुलगी झाली, तेव्हा थोरल्यानं माझं अभिनंदन केलं. गिऱ्हाइकंही शिकली. एका घरच्या आजी दाराआडून विचारायच्या, "मशीनला विचारा, चहात साखर किती?"

एवढी बडदास्त, पण मला पुसायला कोणी नाही. थोरल्याला वाटायचं धाकट्यानं पुसावं, धाकट्याला वाटायचं थोरल्यानं. माझ्या वाटीत जळकं प्लास्टिक साठलं. एका लग्नाला जाताना धाकट्यानं त्याच वाटीनं शर्टाच्या कॉलरला इस्त्री केली. नवरीपेक्षा त्याच्या मानेकडेच जास्त लोक बघत होते.

या सगळ्यात त्यांच्या आईच्या बाथरूमला गरम पाण्याचा नळच नव्हता. गच्चीवर सोलर होता, पण पाइप कोणी टाकायचा, हे ठरत नव्हतं. आई स्वयंपाकघरात पाणी तापवून बादली वाहायची. एक दिवस बादलीसकट घसरली. कंबर दुखावली. आता बादली उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

आईनं दोघांना पलंगाशी उभं केलं. "मी रविवारपर्यंत थांबते. नळाला गरम पाणी आलं तर ठीक, नाहीतर कायमची तुमच्या मावशीकडे जाते. तिच्या घरात एकही प्लंबर नाही, म्हणून तिच्याकडे सगळे नळ चालू आहेत."

दोघांचेही चेहरे उतरले. आई घरातून जाणार, हे दोघांनाही सोसणारं नव्हतं. पण हे ते एकमेकांना कसं सांगणार? थोरल्यानं गच्चीवरून खाली पाइप टाकायला घेतला. धाकट्यानं बाथरूमपासून बाहेर. मी दिवसभर जिन्यावरून वर-खाली. रविवारी दुपारी दोन्ही पाइप बाथरूममागच्या बोळात पोचले, वीतभर अंतरानं एकमेकांच्या शेजारून गेले, आणि न थांबता पुढे निघून गेले. आधी थांबायचं कोणी? थोरल्याचा पाइप मोरीपर्यंत आला होता. धाकट्याचा जिन्यापर्यंत.

आई काठी टेकत आली. तिनं दोन्ही पाइप पाहिले. मग खुर्ची मागवली आणि बसली.

"कापा," ती म्हणाली.

दोघांनी मुकाट्यानं कापले. थोरल्यानं आपला पाइप वळवून धाकट्याच्या रेषेत आणला. आता शेवटचा सांधा. बोळ अरुंद, पाइप ताठ. एकेक पाइप मागे ओढून धरायला एकेकाचे दोन्ही हात हवेत. मग मला धरणार कोण?

"आणा इकडे," आई म्हणाली.

तिनं मला मध्ये धरलं. एका बाजूनं थोरल्याचं सॉकेट माझ्या खुंटीवर, दुसरीकडून धाकट्याचा पाइप माझ्या वाटीत. दोन्ही तोंडं मऊ झाली, दोघांनी मागे ओढली, आईनं मला काढून घेतलं आणि पाइप सॉकेटात बसला.

"हात सोडू नका," आई म्हणाली. "आता बोला."

दोघांची नाकं समोरासमोर.

"मशीन," थोरला घसा खाकरून म्हणाला, "त्याला सांग..."

"मशीन माझ्या हातात आहे," आई म्हणाली. "ते कुणाला काही सांगणार नाही."

हे वाक्य ऐकायला मी किती आसुसलो होतो, मित्रांनो.

शेवटी थोरला धाकट्याकडे बघून म्हणाला, "हलू नकोस."

"तूच हलतोयस."

"लाल रेघ तुला दिसली नव्हती."

"बोट तू दाखवलंस, दादा."

"दाखवलं असेल."

"मीही बघायला हवं होतं."

सांधा केव्हाच गार झाला होता. तरी दोघांनी हात सोडले नाहीत आणि आईनंही आठवण केली नाही. संध्याकाळी नळ सोडला, तेव्हा आधी हवा फुरफुरली, मग पाणी आलं, मग गरम पाणी आलं. आईनं मावशीला फोन करून सांगितलं, "इकडेच ये तू."

आता दोघे अखंड बोलतात. मला कोणी काही सांगत नाही. खरं तर मला बरं वाटायला हवं.

तर मित्रांनो, माझं एवढं ऐका. मला कोमट असताना पुसा. माझ्यावर कॉलर ठेवू नका. भांडायचं असेल तर तोंडावर भांडा. एकच तोंड तापवून कुठलाही सांधा टिकत नाही. आणि निघताना माझं बटण बंद करा. ते दोघे बोलत बोलत केव्हाचे चहाला गेलेत. मी अजून चालूच आहे.