सातवी रेष

संयोगिताने पडद्यावरच्या बारा रेषांपैकी सातवी बोटाने दाबून मोठी केली, आणि बोट तसंच काचेवर राहिलं.

शाहूपुरीतल्या तिच्या छोट्या ऑफिसात बारा फाउंड्र्यांची मोजमापं येत: भट्टीचं तापमान, वीज, आतल्या अस्तराची, म्हणजे लायनिंगची, जाडी. नावं वाटेतच पुसली जात. मालक सगळे एकमेकांना पाण्यात पाहणारे. नाव कुणालाच कळणार नाही, खुद्द संयोगितालाही नाही, या शब्दावरच ते तयार झाले होते. तिच्या वतीने तो शब्द दिला होता तिच्या वडिलांनी, आकारामनी. "माझी लेक हाय, फसवायची न्हाय," एवढंच ते आपल्या मालकांना, तात्यासाहेबांना म्हणाले. आणि तात्यासाहेबांनी बाकीच्या अकरांना राजी केलं.

सातव्या भट्टीची लायनिंग झिजत झिजत बोटभरही उरली नव्हती. ती फुटली की वितळलेलं लोखंड मागच्या पाण्याच्या नळ्यांना भिडतं. मग भट्टीजवळ उभं असलेलं कुणी उरत नाही.

भट्टी कुणाची, हे तिला कळायला नको होतं. पण दर गुरुवारी सकाळी ही रेष अकरा मिनिटं सपाट व्हायची. पहिला ओत घेण्याआधी भट्टी त्याच तापावर धरून ठेवून नृसिंहवाडीच्या दत्ताची आरती, एकही कडवं न गाळता, म्हणणारा माणूस साऱ्या भागात एकच होता. उचगावात कीर्तन असलं की बुवांच्या मागं टाळ धरून तोच उभा राहायचा. उत्तररंग ऐकता ऐकता लहानगी संयोगिता त्याच्याच पायाशी झोपी जायची.

तिने वडिलांना फोन लावला.

"आप्पा, तुमची लायनिंग..."

"ठाऊक हाय." मागे भट्टीची घरघर होती. "मालकास्नी सांगून झालंय. ही ऑर्डर गेली की बदलू म्हणत्यात."

"मग तुम्ही तरी भट्टीवरून खाली उतरा की."

"मी उतरलो तर कृष्णात चढंल. त्याचं पोर दोन म्हयन्याचं हाय."

मग त्यांनी अगदी हळू विचारलं,

"नावं कळत न्हाईत म्हनलीवतीस न्हवं?"

तिने फोन ठेवला. शब्दही राहावा आणि माणूसही, म्हणून बाराही मालकांना एकच निरोप धाडला: तुमच्यापैकी एकाची लायनिंग संपत आली आहे. ज्याची त्याला माहीत आहे. भट्टी आजच थांबवा.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाराही उत्तरं आली. वृषभशेटनी लिहिलं, आमची नवीकोरी आहे, पण कुणाची ते खासगीत सांगा. एकाने नुसतं हसणारं तोंड पाठवलं. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. तात्यासाहेबांचं उत्तर सगळ्यांत शेवटी आलं, आणि सगळ्यांत लांब. त्यांनी तिचे आभार मानले होते, आकारामच्या पोटी अशी लेक आली याचं कौतुक केलं होतं. खाली होतं: ज्याची असेल त्याला दत्तमहाराज सुबुद्धी देवोत. आमचं काम व्यवस्थित चालू आहे.

देवाचं नाव वाचून तिचा हात सवयीने छातीशी गेला होता. तो तिने खाली घेतला.

मग तिने पुन्हा बाराही जणांना निरोप लिहायला घेतला. या वेळी सुरुवातच तात्यासाहेबांच्या कारखान्याच्या नावाने केली. पुढचं वाक्य जुळेपर्यंत तिकडे सुट्टी संपली, आणि सातवी रेष चढू लागली.