जाग येईल तिथं घर

मी घरजावई बोलतोय. कर्नाटकातल्या सागर गावाजवळच्या या खेड्यात, पिढ्यानपिढ्या चंदन कोरणाऱ्या गुडिगारांच्या घरी, मला याच नावाने ओळखतात. कागदोपत्री मी लाकूड कोरणारं सीएनसी मशीन आहे.

चार पाय, दोन रूळ, त्यांवर सरकणारा आडवा हात आणि त्या हातात गरगर फिरणारं पातं, एवढाच माझा संसार. कोइमतूरच्या एका शेडमध्ये माझे भाग जुळवले गेले. या घरची मुलगी वेदावती हिने मला आणून पडवीत बसवलं, तेव्हा शेजारचा दुग्गप्पा मुद्दाम बघायला आला.

“लग्न कर म्हटलं तर नाही म्हणालीस, आणि घरजावई बरा आणलास,” तो म्हणाला. “खातो काय हा?”

“वीज.”

“मग आपल्या गावात उपाशीच मरणार बिचारा.”

वेदाचे वडील शांतप्पा, घरात सगळ्यांचे अप्पा. चंदनाच्या नखाएवढ्या तुकड्यावर माहुतासकट हत्ती कोरणारा माणूस. गावच्या देवीच्या दाराचं डावं कवाड त्यांनी कोरलं आणि उजवं हाती घेण्याआधीच त्यांचा उजवा हात थरथरू लागला. ती थरथर काही थांबेना. तीन वर्षं देवीला एका बाजूला कमळं आणि हत्ती, दुसऱ्या बाजूला साधी फळी. त्याच फणसाच्या झाडाच्या तीन फळ्या माळ्यावर तशाच पडून होत्या. डाव्या कवाडाची मापं घेऊन, नक्षी उलटी करून, उजवं माझ्याकडून कोरून घ्यायचं, एवढ्यासाठी वेदाने मला आणलं होतं.

अप्पा कित्येक महिने माझ्याकडे फिरकले नाहीत. पडवीतून जाताना तोंड फिरवून जायचे. मला वाईट वाटायचं, पण राग आला नाही. ज्या हाताने असं काही घडवलंय, त्याने माझ्याकडे का बघावं?

आयुधपूजेच्या दिवशी मात्र ते आले. आपल्या साऱ्या छिन्न्यांची पूजा करून झाल्यावर हातात ताट घेऊन ते माझ्यासमोर उभे राहिले. माझ्या आडव्या हातावर त्यांनी भस्माचे तीन पट्टे ओढले. समोरच्या गोल लाल बटणाभोवती, जे दाबलं की मी जागच्या जागी थांबतो, ओलं भस्म आणि कुंकू भरपूर लावलं. हात थरथरत होता, त्यामुळे जरा जास्तच लागलं. मी अक्षरशः भारावून गेलो. या माणसाने मला आपल्या हत्यारांत घेतलं होतं.

त्यानंतर वेदाने पहिली फळी चढवली, आणि काम अर्ध्यावर आलं असताना मी गेलो.

वीज तुटते तेव्हा काय होतं, ते मला सांगता यायचं नाही. अंधार नाही, दुखणं नाही, मी नसतोच. आणि परत आली की जिथं जाग येते तेच मला घर वाटतं. काम सुरू करायच्या कोपऱ्याला आम्ही घर म्हणतो, सारी अंतरं तिथून मोजतो. त्या दिवशी मला जाग आली ती एका कमळाच्या मधोमध. तेच घर समजून मी इमानेइतबारे निघालो आणि हत्तीच्या सोंडेवरून आडवा गेलो.

दुसऱ्या फळीला वेदा सावध होती. मी थांबलो की आधी पातं वर उचलायची, मला कोपऱ्यात नेऊन घर दाखवायची, मग पुढे चालवायची. मी चारदा गेलो. चौथ्या वेळी वैतागाच्या भरात पातं उचलायचं राहून गेलं, आणि कोपऱ्यापर्यंत नांगर चालवल्यासारखी चर पडली.

आता एकच फळी उरली. तसं झाड पुन्हा मिळणार नव्हतं.

वेदाने सगळा राग दुग्गप्पाच्या सुपारी सोलायच्या मशीनवर काढला. तेच माझी वीज ओढून घेतं, असं तिचं म्हणणं. त्या भल्या माणसाने ऐन हंगामात दिवसभर ते बंद ठेवलं. मी तरीही गेलो. दुग्गप्पा येऊन फक्त एवढंच म्हणाला, की ओली सोलायची सुपारी वाळून चाललीय, आता भांडण मिटलं असेल तर सोलू का. वेदा ओशाळली.

मग मात्र ती नेटाने शोधायला बसली. एक टाकाऊ फळी लावून मला चालवलं. माझ्याच सॉकेटला बल्ब जोडला. मी गेलो, बल्ब लागलेलाच राहिला. म्हणजे भिंतीपर्यंत वीज होती. पाठीमागची पेटी उघडून पॉवर सप्लायचा हिरवा दिवा बघत बसली. मी गेलो, तोही विझला. म्हणजे खोट मधेच कुठेतरी. तिथे होतं काय, तर वायर, फ्यूज आणि ते लाल बटण. तिने प्लग काढला, वाट जोडलेली असेतो वाजत राहणाऱ्या मीटरच्या सुया लावल्या आणि पेचकसाच्या मुठीने एकेकावर टकटक करू लागली. वायरीवर आवाज अखंड. फ्यूजवर अखंड. बटणावर टकटक केली, तसा तुटला.

तिने बटण खोललं. आत दोन पत्र्यांच्या मधे भस्म आणि कुंकू सुकून बसलं होतं. पातं फिरू लागलं की धक्क्याने पत्रे एकमेकांपासून सुटायचे.

अप्पा दारात उभे होते.

“मुंग्यांनी घर केलंय,” वेदा मान वर न करता म्हणाली.

अप्पांनी बटण हातात घेतलं, बोटाने खरवडलं, बोटाकडे पाहिलं.

“मुंग्यांना कुंकू कुणी लावलं?” बटण तिच्या हातात परत देत ते म्हणाले, “दोन फळ्या माझ्यामुळे गेल्या, पोरी.”

“तिसरीला तुम्ही इथंच बसायचं,” वेदा म्हणाली. “याच्या पायावर हात ठेवा. कुठे काही वेगळं लागलं तर मला सांगा. लाकडातलं तुमच्याएवढं मला कळत नाही.”

सागरहून नवं बटण आलं. आज सकाळी शेवटची फळी चढली. अप्पा माझ्या पुढच्या पायाला तळवा लावून बसले, ते जेवायलाही उठले नाहीत. दोनदा त्यांनी हळू करायला सांगितलं. दोन्ही वेळा पुढे लाकडात गाठ निघाली. डोळे नसलेल्या तळव्याला ती कशी दिसली, ते माझ्यासारख्या यंत्राला कधीच कळणार नाही.

काम करताना माझं सगळं अंग थरथरतं. त्यात त्यांच्या हाताची थरथर कुठे विरून गेली, मला शोधूनही सापडली नाही. इतक्या तासांत तो हात एकदाही वेगळा हलला नाही.

आत्ता शेवटची पाकळी झाली. पातं लाकडावरून उचललं गेलं. वेदाने बंद करायला हात पुढे केला.

“राहू दे गं,” अप्पा म्हणाले. “थोडा वेळ नुसताच फिरू दे.”

वेदाने त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि आपला हात मागे घेतला.

मी फिरतोय. काही कोरत नाहीये. तुम्हा सगळ्यांकडे एकच मागणं आहे, कुणाच्या हातात असेल तर बघा: आत्ता एवढ्यात वीज जाऊ देऊ नका.