सुमेधाताईंच्या काखेतला लाल रुमाल

रुमाल म्हटलं की तुम्हाला खिशातली घडी आठवेल. मी मात्र दप्तराचा जुना रुमाल आहे, मित्रांनो. जाड, लाल कापडाचा. वसईतल्या एका वकिलांकडे खटल्याचे कागद माझ्यात बांधून ठेवत.

माझी गाठ सुमेधाताई बांधत. त्या वकील नव्हत्या. अर्ज टाइप करणं, नकला काढणं, तारखा सांभाळणं ही त्यांची कामं. मला काखेत मारून त्या रोज कोर्टाचे जिने चढत.

१९९३ साली गास गावच्या डेल्फिनमावशींचे कागद माझ्यात आले. त्यांचे यजमान निकोलस वारल्यावर एक बिल्डर जुन्या तारखेचा करार घेऊन उगवला होता. निकोलसने जिवंतपणी वाडी आपल्याला विकली, असं तो म्हणे. सही हुबेहूब. मावशींचं घर, विहीर, केळी, सगळं त्याच वाडीत होतं.

मग तारखाच तारखा. कधी न्यायाधीश रजेवर, कधी समोरचे वकील आजारी. सात वर्षं गेली. माझे काठ विरले, ताईंना चष्मा लागला.

"बाय, आनखी किती फेऱ्या?" मावशी विचारत. "पाय चालत नाय आता."

"होईल, मावशी," ताई म्हणत. आवाजात जोर नसे.

आमच्याकडे कराराची झेरॉक्स होती, तीही फक्त पुढच्या बाजूंची. अखेर मूळ करार कोर्टात आला. वकीलसाहेबांनी परवानगी काढून तो ताईंना तपासायला दिला. ताईंनी पहिलं पान उलटलं. मागे स्टॅम्पपेपर विकणाऱ्याचा पुसट शिक्का होता. ताईंनी चष्मा पुसून त्यातली तारीख वाचली.

"साहेब, हा कागद जून नव्वदमध्ये विकत घेतलाय. निकोलसकाका एकोणनव्वदच्या नाताळाआधीच गेले. त्यांचा मृत्यूचा दाखला आहे आपल्याकडे."

मेलेला माणूस सही कशी करेल? कोर्टाने करार खोटा ठरवला. वाडी वाचली. लोकांनी वकीलसाहेबांना हार घातले. ताई बाहेर जिन्यावर टेकल्या होत्या. मावशी वाडीतली केळी वाळवून केलेल्या सुकेळ्यांची पुडी घेऊन त्यांच्याशेजारी बसल्या. "जिंकलो ना गं?" त्यांनी विचारलं. दोघींनाही हसायचं त्राण नव्हतं.

आता प्लास्टिकच्या फायली आल्या. मी माळ्यावर पडून आहे, कसर मला खाते. त्याचं मला फारसं दुःख नाही. पण मित्रांनो, कुठल्याही कचेरीत दुसऱ्याचे कागद जिवापाड जपणारं एखादं दमलेलं माणूस दिसलं, तर त्याच्यावर खेकसू नका. आधी त्याला पाणी विचारा.